पिंजरा, बट्टी आणि आईची गादी

आमच्या घरात पिंजरा आधी आला, कुत्री नंतर.

फेब्रुवारीतला शनिवार होता. कुरियरवाला भला मोठा चपटा खोका घेऊन आला तेव्हा आईला वाटलं मी कपडे वाळत घालायचं स्टँड मागवलंय. मी हॉलच्या मधोमध बसून खोका उघडला, जाळीच्या चारही बाजू उभ्या केल्या, कड्या अडकवल्या आणि अभिमानाने म्हणालो, "क्रेट!"

आईने चष्मा सारखा करून बघितलं. "पिंजरा आहे हा."

"पिंजरा नाही गं, क्रेट. पिंजऱ्यात कोंडतात. क्रेटमध्ये कुत्रं स्वतः जाऊन झोपतं."

"मग बाहेरून कडी कशाला आहे?"

इंजिनियरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा वर्षं, एवढ्या काळात इतका नेमका बग मला कुणी काढून दाखवला नव्हता. मी "तुला नाही कळणार ते" असं काहीतरी पुटपुटलो आणि खोक्याचे तुकडे उचलायला लागलो. (हे वाक्य आईला बोलल्यावर पुढे कधी ना कधी गिळावं लागतं. माझ्यावर ती वेळ चौथ्याच रात्री आली.)

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी पुण्यात नोकरीला, आई जळगावात. मागच्या पावसाळ्यात बाबा गेले. पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, मग एकेक जण आपापल्या गावी गेला, आणि शेवटी मीही गेलो. आईला पुण्याला चल म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या त्या सातव्या मजल्यावर मी दिवसभर काय करू? इथे निदान चार माणसं ओळखीची आहेत." तेही खरंच होतं.

रोज रात्री फोन करायचो. "जेवलीस?" "जेवले." "काय केलं होतंस?" "खिचडी." दुसऱ्या दिवशीही खिचडी. तिसऱ्या दिवशी विचारणंच बंद केलं. खरी गोष्ट कळायची ती व्हॉट्सॲपवर. तिचं 'लास्ट सीन' रात्रीचे दोन दहा, दोन चाळीस, कधी तर सव्वातीन. आणि ही बाई आयुष्यभर साडेनऊला जांभया द्यायची! दिवाळीत घरी गेलो तेव्हा कळलं, ती बेडरूममध्ये झोपतच नव्हती. हॉलमधल्या दिवाणावर, टीव्ही चालू ठेवून, कुशीवर पडून राहायची. बेडरूममधल्या पलंगावर इस्त्रीचे कपडे आणि पापडांचे डबे ठेवलेले.

आता आमच्या धंद्याची एक खोड आहे. प्रॉब्लेम दिसला की आधी सोल्यूशन आणायचं, प्रॉब्लेम नंतर समजून घ्यायचा. एकटेपणा आहे का? कुत्रं आणू! आईला विचारलं का? नाही. सरप्राइज!

मोठं कुत्रं तिला झेपणार नाही म्हणून लहान जात ठरवली. ओळखीतून एक विक्रेता मिळाला. "ओरिजिनल टॉय पॉमेरियन, दोन महिने पूर्ण," म्हणाला. पैसे दिले आणि बुटाच्या खोक्यात मावेल एवढा पांढरट पिवळसर गोळा घेऊन घरी आलो. आईने तो गोळा बघितला. पाठीवर कुठेकुठे भाजल्यासारखे तपकिरी डाग. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बट्टीसारखी दिसते."

झालं, नाव ठरलं. खानदेशाबाहेरच्या मंडळींसाठी: वरण-बट्टीतली बट्टी. तुपात बुडवून खातात ती. आमची तुपात बुडवली नव्हती एवढंच.

मी तीन आठवडे जळगावातून काम करायची परवानगी काढली होती. प्लॅन तयार होता. व्हिडिओ बघितलेले, एक्सेल शीट बनवलेलं. क्रेट ट्रेनिंगमागचं तत्त्व तसं सोपं आहे. कुत्रं शक्यतो आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही. म्हणून त्याला उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा द्यायची. जास्त दिली तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात कार्यक्रम उरकतं. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच बाहेर न्यायचं, योग्य जागी शू केली की शाबासकी. आणि किती वेळ धरून ठेवेल त्याचा ढोबळ हिशेब: वय जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू, म्हणजे तीन तास. लहान जातींना त्याहून थोडं कमी. मी अडीच तासांचा अलार्म लावला.

पहिल्या रात्री बट्टी रडली. दुसऱ्या रात्री रडली. व्हिडिओतला गोरा गृहस्थ सांगत होता की रडताना दार उघडलंत तर पिल्लू शिकतं, रडलं की दार उघडतं. दुर्लक्ष करा, दोन-चार रात्रीत सवय होते. मी कानात इयरफोन घालून झोपलो. क्रेट हॉलमध्ये, मी आतल्या खोलीत.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास उठलो, पाणी प्यायला. हॉलमध्ये दिवा होता. टीव्ही बंद. आई क्रेटसमोर जमिनीवर बसली होती, जाळीतून दोन बोटं आत घातलेली. बट्टीने अंथरूण ओलं केलं होतं आणि त्याच ओल्यात उभी राहून ती थरथरत होती. आता तिला रडताही येत नव्हतं, नुसता हेल निघत होता.

"आई, हात नको लावूस, सवय नाही होणार तिला," मी म्हणालो.

आईने मागे न बघता विचारलं, "कशाची?"

"एकटं झोपायची."

"हो का," ती म्हणाली. "मलाही सगळे हेच सांगतात. होईल सवय."

मला पुढे काही बोलता आलं नाही. मी कडी काढली. आईने बट्टीला पदरात गुंडाळलं आणि आम्ही तिघं पहाटेपर्यंत दिवाणावर बसून राहिलो.

सकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. लसीकरणासाठी जायचंच होतं. डॉक्टरांनी बट्टीचं तोंड उघडून दात बघितले आणि विचारलं, "दोन महिन्यांची कुणी सांगितली? जेमतेम दीड महिन्याची आहे ही." वर असंही म्हणाले, की ही टॉय पॉमेरियनबिरियन काही नाही, इंडियन स्पिट्झ आहे. इंग्रजांच्या काळात इकडे आलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथल्या हवेत तयार झालेली जात. आपल्याकडे पांढऱ्या झुपकेदार कुत्र्याला सरसकट 'पामेरियन' म्हणतात. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफीसुद्धा स्पिट्झच.

जातीचं मला काही वाटलं नाही. वयाचं वाटलं. इनपुटच चुकीचं, मग माझं एक्सेल काय करणार? दीड महिन्याचं पिल्लू अडीच तास धरूच शकत नाही. शिवाय त्या वयात ते आईजवळ आणि भावंडांच्या ढिगाऱ्यात झोपायला हवं असतं. आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे २०१७ चे केंद्र सरकारचे नियम आहेत, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. मी ते घरी येऊन वाचले. पैसे देण्यापूर्वी वाचायला हवे होते. म्हणजे मी आईच्या एकटेपणावर उपाय म्हणून दुसरं एक एकटं जीव आणलं होतं, आणि त्याला वेगळ्या खोलीत ठेवून सवय लावत होतो.

असो. त्या दिवसापासून आम्ही सगळं पहिल्यापासून सुरू केलं, आणि या वेळी प्रोजेक्ट मॅनेजर आई होती.

तिने पहिला बदल केला तो जागेचा. क्रेट दिवाणाला चिकटून ठेवला, हात खाली सोडला की जाळीला लागेल असा. दुसरा बदल अंथरुणाचा. मी मागवलेली फोमची गादी काढून टाकली आणि आपल्या जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी घातली, जी चार दिवस आईने स्वतःच्या उशाशी ठेवलेली होती. (वासाचं कारण. व्हिडिओतही हे सांगतात, पण आईने व्हिडिओ बघितला नव्हता.) तिसरं म्हणजे दार. आठवडाभर दाराला हातच लावायचा नाही. जेवणाची वाटी आत, दार उघडं. मग ती खात असताना दार नुसतं लोटायचं आणि खाणं संपायच्या आत उघडायचं. मग दहा सेकंद, अर्धा मिनिट, दोन मिनिटं, आणि आपण समोरच बसलेलं. रात्री अलार्म दर दीड तासाला. तो मी लावायचो, उठायची आई. "तशीही जागीच असते मी," म्हणायची.

रडण्याचाही नियम बदलला. 'रडलं की दुर्लक्ष' ऐवजी 'रडलं की आधी कारण बघ'. शू आली असेल तर बिनबोलता, बिनखेळता गच्चीवर न्यायचं, आणून परत ठेवायचं. (लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर उतरवायचं नाही, पार्व्होची भीती असते. त्यामुळे गच्चीतली वाळूची पाटी हाच आमचा बाथरूम.) नुसतीच कुरकुर असेल तर जाळीतून दोन बोटं. आणि क्रेट शिक्षा म्हणून कधीच वापरायचा नाही. चप्पल चावली म्हणून आत टाकलं, की मग तो खरोखर पिंजरा होतो. एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितलेली: आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढायचा, जाळीत अडकला तर फास बसतो.

माझ्या एक्सेल शीटचं काय झालं? पाचव्या दिवशी बंद पडलं. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे दुधाचा हिशेब लिहिला जातो त्याच चौकटीत, बारीक अक्षरात नोंदी दिसायला लागल्या. '२ ली. शू ११, १२.४०, २.१५.' मी फोटो काढून ठेवलाय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या चौकटीत लिहिलं होतं, 'रात्री ३ वेळा. आत एकदाही नाही.' मी पुण्याला परत गेलो तेव्हा बट्टी दार उघडं असताना आपणहून आत जाऊन, लुगड्याची घडी पायाने विस्कटून झोपायला लागली होती.

इथे गोष्ट संपली असती तर 'क्रेट ट्रेनिंगच्या पाच टिप्स' असं शीर्षक देऊन मोकळा झालो असतो. पण मार्चच्या शेवटी पाडव्याला महाराष्ट्र एक्सप्रेसने घरी गेलो आणि एक मोठा घोळ घातला.

व्हिडिओत सांगतात, क्रेटवर चादर टाका, अंधार झाला की पिल्लू शांत झोपतं. मी दुपारी टाकली. जाडशी, सोलापुरी. आई शेजारी गेली होती, मी आतल्या खोलीत कॉलवर. बाहेर ४१ डिग्री. त्यात लाईट गेली, म्हणजे कुलर बंद. माझा लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला म्हणून मला कळलंच नाही. आई पाऊण तासाने आली, तिने चादर ओढली. बट्टी आडवी पडून धापा टाकत होती, तोंडातून चिकट लाळ, हाक मारली तर मान उचलेना.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांना थोडासा येतो तेवढाच. अंगातली उष्णता ते धापा टाकून बाहेर काढतं, आणि त्यासाठी त्याला वाहती हवा लागते. त्यात ही स्पिट्झ, म्हणजे लोकरीचे दोन थर अंगावर. मी त्या जाळीला चारही बाजूंनी चादर लावून भट्टी केली होती. डॉक्टरांना फोन लावला. बर्फ नको, साधं पाणी पोटाला आणि पायांना लावा, वारा घाला आणि घेऊन या, म्हणाले. आई पेपरने वारा घालत होती, मी ओल्या फडक्याने पुसत होतो. गाडीत एसीसमोर धरली तेव्हा तिने मान उचलली. वाचली.

व्हिडिओतल्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. त्याच्याकडे तेव्हा बर्फ पडत असेल. चूक माझी. जळगावला बसून थंड देशातली पद्धत जशीच्या तशी उचलली आणि खिडकीबाहेर बघितलं नाही. संध्याकाळी आईने सोलापुरी चादर कपाटात ठेवली आणि क्रेट कुलरच्या वाऱ्यात, फरशीवर आणला. लाईट गेली तर म्हणून बाजूला ओलं गोणपाट. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि गोणपाटासमोरून येणारा वारा खरंच गार लागतो. आणि तिने एक वाक्य ऐकवलं, "दिवसा दार लावायचं नाही. मी घरात असताना कोंडायचं कारण काय?"

मी वाद घातला नाही. त्या रात्री नेहमीसारखा वाचत बसलो तेव्हा कळलं, आईच्या बाजूने बोलणारी माणसं जगात बरीच आहेत. अमेरिकेत क्रेट घरोघरी चालतो, पण स्वीडन आणि फिनलंडमध्ये घरात कुत्र्याला बंद क्रेटमध्ये ठेवण्यावर कायद्यानेच बंधन आहे. प्रवास, आजारपण अशी कारणं वेगळी. 'कुत्रं मूळचं गुहेतलं, त्याला बंद जागा आवडतेच' हा युक्तिवादही अर्धाच खरा. लांडगे बीळ वापरतात ते पिल्लं लहान असेपर्यंत, आणि त्या बिळाला बाहेरून कडी नसते. आईने फेब्रुवारीत विचारलेला प्रश्न तो हाच.

मग क्रेट फुकट गेला का? अजिबात नाही. ते आखाजीला कळलं.

आईचं माहेर धुळ्याचं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. यंदा पहिल्यांदा बाबांच्या नावाची भरली. आईने घागरीवर डांगर ठेवलं, नमस्कार केला आणि बराच वेळ तिथेच बसली. बट्टी पायाशी. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन चढायच्या आत, धुळ्याला निघालो. एरंडोल, पारोळा, धुळे, नव्वदेक किलोमीटर. मागच्या सीटवर क्रेट पट्ट्याने बांधलेला, आत तेच लुगडं. बट्टी पारोळ्यापर्यंत चक्क घोरत होती. दवाखान्यात, गाडीत, परक्या घरात कुत्र्याला आपली अशी एक जागा बरोबर नेता येणं, हा क्रेटचा खरा फायदा आहे असं आता माझं मत झालंय.

मामाने क्रेट बघितला आणि म्हणाला, "धुळ्याच्या जेलात १९३२ साली विनोबांनी गीता सांगितली, साने गुरुजींनी लिहून घेतली. आता हिची प्रवचनं कोण लिहिणार? तू?"

आजीला मात्र हे पटलं नाही. ती ऐंशीच्या पुढची, घरात अहिराणीच बोलते. "कसाले कोंडस रे तिले?" मला म्हणाली. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "थांब गं आई, बघ जरा." घरात वीसेक माणसं, पोरांचा दंगा, झोक्यावर आरडाओरडा. बट्टी दहा मिनिटं सगळ्यांच्या पायातून फिरली, मग स्वतः चालत क्रेटमध्ये गेली, गोल फिरली आणि झोपली. दार उघडंच.

आजी बघत राहिली. "आपला घरमा गयी ती," म्हणाली. मग थोड्या वेळाने आईकडे बघून, "तू बी जाय आते, जराशी पड."

आई गेली. माहेरच्या आतल्या खोलीत, जिथे लग्नाआधी झोपायची तिथे, दुपारी तीन तास झोपली. मामी चहाला उठवायला निघाली होती, आजीने हाताने थांबवलं.

पुढचा टप्पा, म्हणजे क्रेटमधून अंथरुणावर. याचाही माझ्याकडे प्लॅन होता. लसी पूर्ण, रात्रभर कोरडी, चावाचावी कमी, हे तीन निकष पार झाले की आधी दार काढायचं, मग घडी बाहेर आणायची, मग तिचं वेगळं अंथरूण. प्लॅन चांगला होता, तुम्ही वापरलात तर कामाला येईल. आमच्याकडे मात्र ते काम मे महिन्यानेच करून टाकलं.

एका रात्री अकरा वाजता लाईट गेली. घरात थांबणं अशक्य. आईने दिवाणावरची गादी गुंडाळली आणि गच्चीवर निघाली, लहानपणापासून उन्हाळ्यात झोपत आलो तशी. क्रेट जिन्याच्या वळणावर मावेना. आईने तो तिथेच सोडला, लुगड्याची घडी काखेत मारली आणि बट्टीला घेऊन वर गेली. घडी गादीच्या पायथ्याशी टाकली. बट्टी रात्रभर तिथे झोपली, साडेचारला आईच्या तळपायाला नाक लावून उठवलं, वाळूच्या पाटीत जाऊन आली आणि परत झोपली. सकाळी फोनवर आई हे सांगत होती तेव्हा तिच्या आवाजात जो अभिमान होता, तो मी ५२ टक्क्यांनी एम-थ्री पास झालो तेव्हाचा होता. महिनाभर दोघी गच्चीवरच झोपल्या.

जूनमध्ये पाऊस आला. गादी खाली आणावी लागली. मला वाटलं, परत दिवाण, परत टीव्ही.

शनिवारी घरी गेलो तर बेडरूम उघडी. पापडांचे डबे माळ्यावर गेलेले. पलंगावरची मोठी गादी खाली फरशीवर ओढलेली. "अगं, हे काय?"

"तूच म्हणाला होतास ना, लहान कुत्र्यांनी उंचावरून उड्या मारल्या की गुडघ्याची वाटी सरकते. मग पलंगच नको. जमिनीवरून कोण पडतं?"

हे मी खरंच म्हणालो होतो. लहान जातींमध्ये हा त्रास नेहमी दिसतो. मी फोमच्या पायऱ्या मागवणार होतो, बाराशे रुपयांच्या. माझे पैसे वाचले.

मावशीला हे कळल्यावर तिने फोनवर नाक मुरडलं, "अंथरुणात कुत्रं?" मी तिला राणी व्हिक्टोरियाची गोष्ट सांगितली. १९०१ च्या जानेवारीत शेवटच्या आजारात राणीने आपल्या 'टुरी' नावाच्या पॉमेरियनला पलंगावर आणायला सांगितलं होतं. अर्ध्या जगावर राज्य केलेली बाई, शेवटी पायाशी एक लोकरीचा गोळा हवा होता. मावशी म्हणाली, "राणीकडे चादरी धुवायला माणसं होती." मुद्दा बरोबर आहे. तेव्हा सांगून ठेवतो: जंताचं औषध वेळेवर, गोचीड रोज तपासायचे, लसी पूर्ण आणि चादर आठवड्याला धुवायची. एवढं जमत असेल तरच गादीवर घ्या.

क्रेट अजून आहे. दार काढून मी गॅलरीत ठेवलंय. दुपारी बट्टी तिथे झोपते, फटाके किंवा ढगांचा गडगडाट झाला की आत जाऊन बसते. रात्री मात्र गादीवर. आई तिच्या डाव्या बाजूला झोपते, पहिल्यापासून तीच तिची बाजू. उजव्या बाजूला, बाबांच्या उशीच्या थोडं खाली, बट्टी. यावर आम्ही काही बोललो नाही.

पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. मी एक कुत्रं आणलं आणि सगळं ठीक झालं, असलं काही मला म्हणायचं नाही. आई अजून मधेच गप्प होते. खिचडी अजून आठवड्यातून चारदा होते. मला एवढंच दिसलं, की दीड महिन्याच्या पिल्लाला आणि अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला 'होईल सवय' म्हणून खोलीत सोडून देणं सोपं असतं, आणि मी दोघींच्या बाबतीत ते केलं होतं. ज्याचा उपयोग झाला ते काम रटाळ होतं. जवळ बसायचं, दार उघडं ठेवायचं, दहा सेकंदांची वीस सेकंद करायची. त्यातलं बरंचसं आईनेच केलं, बट्टीसाठी म्हणून.

परवा रात्री सव्वादहाला फोन केला. उचलला नाही. परत केला, नाही. मी उगीचच घाबरलो, शेजारच्या काकूंचा नंबर काढला, मग सहज तिचं 'लास्ट सीन' बघितलं. नऊ अठ्ठेचाळीस.

सकाळी तिचाच फोन आला. "काय रे, रात्री दोनदा केला होतास? झोपलो होतो आम्ही."